शिंगांचा सण

ऑक्टोबर सरत आला की जपानमधल्या उरायासुच्या आमच्या घरी एक खोकं येतं. वर जाड पेनाने लिहिलेलं माझं नाव, त्यात दरवर्षी तेच एक अक्षर चुकलेलं. आत टोमॅटोसारखी दिसणारी, 'काकी' नावाची केशरी फळं, प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पहिलं फळ हातात घेतलं की त्याच्या गार, गुळगुळीत सालीबरोबर मला गोठ्याचा वास येतो. फळाला गोठ्याचा वास येत नसतो हे मलाही कळतं, पण नाकाला कोण समजावणार?

खोक्याच्या तळाशी घडी घातलेला एक कागद असतो. निइगाताच्या डोंगरातल्या एका गावात वर्षातल्या शेवटच्या झुंजी बर्फ पडायच्या आत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतात. कोणता बैल कोणाशी भिडणार, याची ती यादी. फळं आणि यादी दोन्ही पाठवतात ते माझ्या ऑफिसातल्या मिहो-सानचे काका. तीन वर्षांपूर्वी मला त्या गावाचं नावही ठाऊक नव्हतं. बैलांची झुंज बघायला मी घरच्यांना घेऊन जाईन असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कारण मी गुरांच्या डॉक्टरची मुलगी.

माझे बाबा जुन्नर तालुक्यात पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होते. बैलगाडा शर्यतींच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या दारात टेम्पो येऊन थांबायचा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. टिंक्चरची बाटली धरायचं काम माझ्याकडे असायचं. पराणीच्या खिळ्याने भोकं पडलेले पुठ्ठे, पिरगाळून मोडलेलं शेपटाचं हाड, तोंडाला आलेला फेस. बाबा मुकाट्याने टाके घालत. मालक शेजारी उभा राहून सांगे, डॉक्टर, याला पळायची भारी हौस. बाबा मान वर न करता विचारत, "हौस आहे, तर टोचता कशाला?" हा त्यांचा एकच प्रश्न होता, आणि पस्तीस वर्षांत त्याचं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही.

पुढे शर्यतींवर बंदी आली, उठली, परत आली, आणि शेवटी कोर्टाने अटी घालून परवानगी दिली. परवानगी आली त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ संदीप एक खिलार खोंड घेऊन घरी आला. नाव ठेवलं बादशा. संदीपचं शेतीपंपांचं दुकान आहे, त्याला बैलाची गरज काडीची नव्हती. पण त्याचंही म्हणणं होतं, आणि ते अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. ट्रॅक्टर आल्यावर खिलार बैल कोण पाळतो, शर्यत नसेल तर ही जात खाटकाच्या दारात संपेल, बादशाला मी तूप-अंडी घालतो, माझ्या पोरांना घालत नाही. बाबा त्याच्याशी बोलायचे थांबले. एका घरात, एका स्वयंपाकघराच्या दोन टोकांना बसून बाप-लेक माझ्या भावजयीमार्फत मीठ मागत. हट्टाच्या बाबतीत आमच्याकडे खाण तशी माती. वर्षभर असं चाललं, आणि मग एक दिवस बाबा मला फोनवर म्हणाले, दिवाळीनंतर पुण्यात एक खोली बघतो, एकटा राहीन. आई गेल्यापासून ते घर त्या दोघांवर उभं होतं. मी घाबरले आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर बाबांना जपानला घेऊन आले. हवापालट, असं सगळ्यांना सांगितलं.

हवापालट मात्र छान झाला. बाबा रोज सकाळी खाडीच्या कडेने चालत, कचऱ्याचं वर्गीकरण त्यांनी आठवड्यात पाठ केलं, आणि दह्याच्या डब्याचं झाकण चुकीच्या पिशवीत टाकल्याबद्दल माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बोलणीही बसली. फक्त संदीपचं नाव निघालं की ते उठून गॅलरीत जात. त्यांच्या जाण्याची तारीख जवळ येत होती आणि पुण्यातल्या खोलीचा विषय त्यांनी सोडला नव्हता.

अशात मिहो-सानने आमंत्रण दिलं. आमच्या गावाला या, शेवटचं 'त्सुनो-त्सुकी' आहे, काकांचा बैल आहे त्यात. 'त्सुनो' म्हणजे शिंग, एवढं मला आलं. 'त्सुकी'चा अर्थ मला येत नव्हता, तो मी माझ्या माहेरून भरून काढला. शिंगांचं काहीतरी आणि बैलांचा दिवस, म्हणजे आणखी काय असणार? शिंगं रंगवत असतील, बेगड लावत असतील, गावातून मिरवत असतील. मी बाबांना सांगितलं, इथेही पोळा असतो. बाबांचा चेहरा असा उजळला की मला वर्षभराचं सगळं सार्थकी लागल्यासारखं वाटलं. आदल्या दिवशी त्यांनी मला पुरण घालायला लावलं. पोळा म्हणजे बैलाला पुरणपोळी हवीच, जपानचा झाला म्हणून काय झालं. माझी बारा वर्षांची लेक रेवा हे सगळं कानात इअरफोन घालून बघत होती. तिला त्या शब्दाचा अर्थ, शिंगांची टक्कर, पक्का माहीत होता. नंतर मी तिच्यावर चिडले तेव्हा ती जपानीत म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही.

शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनमधून उतरून मिहो-सानच्या गाडीने डोंगर चढताना दोन्ही बाजूंना कापणी झालेली पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं होती, आणि मधे मधे तळी. तळ्यांत काका रंगीत मासे वाढवतात, तोच त्यांचा धंदा. घरांच्या छपरांखाली सोललेल्या काकीच्या माळा सुकत होत्या. हवेत पेटवलेल्या पेंढ्याचा वास होता. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर नवऱ्याचं जाड जॅकेट. एवढे खूश ते मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

डोंगराच्या कुशीत एक गोल मैदान, भोवती चढत्या पायऱ्या. म्हाताऱ्या बायका मांड्यांवर गोधड्या घेऊन डबे उघडून बसलेल्या. रिंगणात मीठ आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडली गेली. मग एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने तांबूस काळा, असे दोन अवाढव्य बैल आत आले. बैल नव्हे, वळू, बाबांनी लगेच दुरुस्ती केली. शिंगांना रंग नव्हता. बाबा पुढे झुकून रंग शोधत होते. नाकातली दोरी सुटली आणि दोन कपाळं एकमेकांवर आदळली. तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. ओल्या लाकडावर ओलं लाकूड पडावं तसा काहीतरी होता, पण छातीत ऐकू आला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता हे वाईट होतं. आमच्या दारात टेम्पो थांबल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा तो झाला होता. रेवाने तोंडावर हात ठेवला आणि पुटपुटली, "कावाइसोओ." बिचारे. बाबांनी डबा पायाशी ठेवला आणि ते उठायला लागले.

ते उठले नाहीत याचं कारण ती माणसं. प्रत्येक झुंजीत दोन्ही वळूंच्या भोवती दहा-बारा माणसं होती, दुबोटी कापडी बूट घातलेली. ती वळूंच्या इतकी जवळ होती की एखादं शिंग फिरलं असतं तर कोणाची तरी बरगडी गेली असती. त्यांच्या हातात काठी नव्हती, पराणी नव्हती. नुसते हात वर करून ती ओरडत होती, "योशिता, योशिता." बाबांनी कान टवकारले आणि मला विचारलं, "ही योगिता कोण? सगळे तिलाच हाका मारतायत." मी म्हटलं, योगिता नाही हो, हा इथला झुंजीतला पुकारा आहे, वळूला हुरूप द्यायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे नुसता आवाज?" आणि खाली बसले.

पुढचं त्यांनी डोळ्यांची पापणी न लववता पाहिलं. वळू कपाळाला कपाळ लावून उभे, श्वासांची वाफ, मानेचे स्नायू थरथरतायत. कोण मागे सरकतोय, कोण पुढे येतोय, काही कळत नव्हतं. आणि तेवढ्यात म्होरक्याने हात वर केला. माणसं एकदम तुटून पडली. एकाने मागच्या पायाला दोर टाकला, सगळ्यांनी मिळून ओढला, दुसरा सरळ शिंगांच्या मधे शिरला आणि त्याने वळूच्या नाकपुड्यांत बोटं घालून मान वर उचलली. हजार किलोचं जनावर त्या दोन बोटांसरशी थांबलं. रिंगणात टाळ्या पडल्या. दोघांनाही आपापल्या दोरीने रिंगणातून फिरवलं, दोघांनाही सारख्याच टाळ्या.

"कोण जिंकलं?" बाबांनी विचारलं. मी शेजारच्या आजींना विचारलं. त्या हसल्या आणि डब्यातलं लोणचं आमच्यापुढे करत म्हणाल्या, कोणीच नाही, इथे कोणी जिंकत नसतं. त्या दिवशी बारा झुंजी झाल्या आणि बाराही बरोबरीत. मुद्दाम, ठरवून. देशात दुसरीकडे हार-जीत होते म्हणे, या डोंगरात नाही. एका झुंजीनंतर एक बाई आपला वळू घेऊन रिंगणातून चालत गेली. आजी म्हणाल्या, पूर्वी बाईने आत पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. मग काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. रीत होती, आता नाही. परंपरा म्हणजे देवाने कातळावर कोरून ठेवलेली गोष्ट आहे असं बोलणारी किती माणसं मी दोन्ही देशांत पाहिली आहेत. त्या आजींनी ती लोणच्याच्या फोडीएवढ्या सहजपणे बाजूला सारली.

काकांच्या वळूचं नाव तेत्सु, म्हणजे लोखंड. काका सत्तरीचे, माझ्या खांद्याला लागतील एवढे. तेत्सुची झुंज सोडवताना नाकपुड्यांत बोटं घालून त्याला थांबवणारे ते स्वतःच होते. दुपारी आम्ही त्यांच्या गोठ्यात गेलो. तेत्सुच्या कपाळावर केस घासून गेले होते आणि एका जागी रक्त साकळलं होतं. बाबा विचारल्याशिवाय पुढे झाले. त्यांनी आधी खांद्यावर हात ठेवला, मग मानेवर, मग कानामागे, आणि पुटपुटत राहिले, "हो राजा, हो." मराठीत. तेत्सुने मान खाली केली. बाबांनी शिंगाचं मूळ चाचपलं, पापण्या उलटवून पाहिल्या, खूर उचलून पाहिला, शेपटाचं एकेक हाड बोटांनी मोजत खालपर्यंत गेले. त्यांना पराणीचा वण किंवा मोडलेलं हाड कुठेही सापडलं नाही. एवढा वेळ काका हात बांधून उभे होते. मी सांगितलं की हे बैलांचे डॉक्टर. काकांनी टोपी काढली, कमरेत वाकले आणि बाबांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणाले. आपल्या आजोबांना कोणी सेन्सेई म्हणतंय हे पाहून रेवाने इअरफोन काढून खिशात टाकले.

मग पुरणपोळीचा डबा उघडला. काकांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आमच्या गोड घेवड्याच्या सारणासारखं लागतं म्हणाले, आणि उरलेली अर्धी पोळी तेत्सुला दिली. दुसरी पोळी बाबांनी स्वतः भरवली. एवढं सगळं झाल्यावरही त्यांनी त्यांचा प्रश्न सोडला नाही. झुंजायचं वय संपल्यावर याचं काय होतं, हे मला विचारायला लावलं. मला ते विचारताना लाज वाटली. काकांना वाटली नाही. बरेचसे बाजारात जातात, ते म्हणाले, मांसासाठी. तेत्सुचं काय करीन ते मी अजून सांगू शकत नाही. मोठा भूकंप झाला, रस्ते तुटले, तेव्हा गावाने बैल हेलिकॉप्टरला टांगून खाली उतरवले होते. स्वतःची घरं पडलेली असताना. तेही आम्हीच आणि हेही आम्हीच, असं ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. खरं बोलणाऱ्या माणसाशी ते कधी वाद घालत नसत.

शेवटी बाबांनी विचारलं की हार-जीत का नाही. काका गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. समोरच्या डोंगरावरचं एक घर त्यांनी बोटाने दाखवलं. आज तेत्सुशी झुंजला तो वळू त्या घरचा. आमच्या दोघांच्या शेताला पाणी एकाच झऱ्याचं. उद्या सकाळी मला त्याला तोंड दाखवायचंय. आणि हरलेला वळू मनातून मोडतो, तो पुन्हा कपाळ लावत नाही. म्हणून सोडवायचं. पण कधी सोडवायचं, हीच सगळी विद्या आहे. लवकर ओढलं तर राग आत राहतो, उशिरा ओढलं तर एकजण मोडतो. मग ते जे म्हणाले ते मी बाबांसाठी शब्द शोधत शोधत मराठीत आणलं.

"दोघांनाही आपणच जिंकतोय असं वाटत असतं, तेव्हाच ओढायचं."

बरोबरीला जपानीत 'हिकिवाके' म्हणतात. मी हा शब्द दहा वर्षं ऐकत होते, त्यात 'ओढून वेगळं करणं' आहे हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. बाबांना मी तसं सांगितलं. बाबा आयुष्यभर जत्रेतल्या कुस्त्यांचे शौकीन, तिथेही अडलेली कुस्ती पंच बरोबरीत सोडवतात. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. तेत्सुच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे कुस्ती सोडवली."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर बोगद्यामागून बोगदा. मी फोन काढला. मी काय करतेय ते मला पुरतं माहीत होतं. संदीपला मी एकच ओळ लिहिली. 'बाबा म्हणाले, कुस्ती सोडवली.' शब्द बाबांचेच होते, त्यात एकाही अक्षराची भर नव्हती. कोणती कुस्ती, एवढं फक्त लिहिलं नाही.

बोगदे संपून गाडी सपाटीवर आली, रेंज आली, ओळ गेली. भारतात दुपार होती, संदीप दुकानात असणार. पाच मिनिटांत बाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी बघत राहिले. इथे गाडीच्या डब्यात फोनवर बोलत नाहीत, म्हणून ते उठून दोन डब्यांमधल्या जागेत गेले. काचेच्या दारातून ते मला दिसत होते, ऐकू येत नव्हते. आधी नुसतेच उभे. मग हात कपाळाकडे गेला. मग दोन बोटं वर करून ते संदीपला, त्याला काही दिसत नसताना, नाकपुडीत बोटं कशी घालतात ते दाखवायला लागले. मला रडू आलं. रेवाने न विचारता रुमाल दिला.

ओमिया स्टेशन यायच्या सुमारास ते परत आले. "शेवटी त्यानेच फोन केला," ते म्हणाले. "मी सांगून टाकलं. पराणी दिसली तर मी शर्यतीच्या घाटात पाऊल टाकणार नाही, आणि मी थांब म्हटलं की गाडा थांबायचा." दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना संदीपचा फोन आला. म्हणाला, "ताई, शेवटी बाबांनीच निरोप धाडला. मी पराणी सोडायचं कबूल केलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं."

मी दोघांनाही बरं म्हटलं.

पुण्यातली खोली कोणी पाहिली नाही. बाबा आता शर्यतीआधी बादशाला तपासतात, गेल्या वर्षी दोनदा त्यांनी त्याला पळू दिलं नाही आणि संदीप चार लोकांत तोंड पाडून गाडा परत घेऊन आला. बाबा अजूनही म्हणतात की ही क्रूरता आहे. संदीप अजूनही म्हणतो की ही परंपरा आहे. मला विचाराल तर बाबांचा प्रश्न मला अजून बिनतोड वाटतो, आणि त्या डोंगरातल्या माणसांबद्दलचं कौतुकही ओसरत नाही. ती माणसं जनावराला झुंजवतात हे खरं. पण झुंजीत थांबायची जागा शोधायला त्यांनी पिढ्या घालवल्या आणि तिलाच कसब मानलं. शाळेत रेवाने यावर निबंध लिहिला. तिने कोणाचीच बाजू घेतली नव्हती. बाईंनी लाल शाईने विचारलं होतं, तुझं मत काय? रेवा म्हणाली, माझं मत 'कावाइसोओ' हेच आहे, पण मला पुन्हा जायचंय.

यंदाचं खोकं परवा आलं. मी यादी उघडली आणि तेत्सुचं नाव शोधलं. नव्हतं. दोनदा वाचली, तरी नव्हतं. मग कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या.

रविवारी जुन्नरच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा आणि संदीप एकाच सोफ्यावर, मधे पोह्यांची बशी. काकीचं फळ पाहून बाबांना ती शरदातली दुपार आठवली. त्यांच्या आवाजात जरा ऐट आली आणि ते संदीपला म्हणाले, "तू त्या दिवशी फोन केलास म्हणून, नाहीतर मी काही..." संदीपने बशी खाली ठेवली. "मी केला? बाबा, आधी तुमचा निरोप..."

दोघंही सोफ्यावर पुढे सरकले होते. दोघांच्याही चेहऱ्यावर आपणच जिंकतोय असं लख्ख दिसत होतं.

"तेत्सुची बातमी आलीय," मी मधेच म्हणाले. दोघांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. बाबांच्या चेहऱ्यावरची ऐट गेली. मी कागद उलटा केला आणि काकांचं अक्षर त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

"तेत्सु म्हातारा झाला, म्हणून यादीत नाही. माझ्याच गोठ्यात आहे, माझ्यापेक्षा जास्त खातो."

बाबांनी डोळे पुसले. मग दोघं एकदमच हसले, आणि पोह्यांची बशी संदीपने बाबांकडे सरकवली.